अनोळखी देव

आपल्या मध्यमवर्गीय घरांतील देवघर हें एक लहानसें वस्तुसंग्रहालयच असतें, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तेथें पणजोबांनीं काशीयात्रेहून आणलेला गंगेचा गडू असतो, आजीच्या माहेरून तिच्याबरोबर आलेली अन्नपूर्णा असते, कुलस्वामीचा चांदीचा टाक असतो, कोणा एका नवसाचा गणपति असतो. प्रत्येक वस्तूच्या मागें एखादा प्रवास, एखादें लग्न किंवा एखादें दुखणें उभें असतें. फरक एवढाच कीं, संग्रहालयांत वस्तूखालीं नांवाची चिठ्ठी लावलेली असते आणि देवघरांत तिची गरज कोणाला भासत नाहीं. कारण ती चिठ्ठी घरांतील वृद्ध स्त्रीच्या तोंडीं असते. ती स्त्री गेली म्हणजे चिठ्ठीहि तिच्याबरोबर जाते, आणि मागें राहिलेल्यांना आपल्याच देवांची ओळख पटेनाशी होते.

साताऱ्यास अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं आमचा जुना वाडा होता. माजघराला लागून असलेल्या देवघरांत सारे ओळखीचे देव होते. एक मात्र अनोळखी होता. उंचीला जेमतेम चार बोटें, रंगानें पितळेपेक्षां काळसर, आणि आकाराच्या मानानें पुष्कळच जड. एक पाय किंचित् पुढें टाकलेला, एक हात खांद्याच्या वर उचललेला, दुसरा कमरेशीं टेकलेला. उचललेल्या हाताचा पंजा मनगटापासून नाहींसा झाला होता. पायांखालीं आसन नव्हतें. त्याऐवजीं एक बोथट खुंटी होती, आणि तिच्यामुळें त्याला वाटीभर तांदुळांत रोवून उभें करावें लागे. चिंच आणि रांगोळी यांनीं पिढ्यान् पिढ्या घासल्यामुळें नाक, डोळे, ओंठ सारें झिजून गेलें होतें, आणि चेहऱ्याच्या जागीं एक गुळगुळीत फुगवटा तेवढा उरला होता. आम्ही मुलें त्याला नुसतें ‘बाबा’ म्हणत असूं.

हा बाबा कोण, याविषयीं घरांत एकमत नव्हतें. आजी म्हणे, हा घराचा राखणदार. त्याचें नांव विचारूं नये. आत्याच्या मतें तो भैरोबा होता व उचललेल्या हातांत डमरू होता. थोरले काका तो खंडोबा असल्याचें ठासून सांगत आणि डमरूच्या जागीं खड्ग पाहत. श्रावणीला येणारे एक याज्ञिक गृहस्थ त्याला क्षेत्रपाळ ठरवून दक्षिणा घेऊन जात. एकदां भांड्यांना कल्हई करावयास आलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराला काकांनीं मुद्दाम ती मूर्ति दाखविली. त्यानें ती तळहातावर तोलली, नखानें वाजवून पाहिली आणि परत देत म्हटलें, “ओतकाम जुनें आहे, मालक. हातांत काय होतें तें तुम्ही सांगा, मग देव कोण तें मी सांगतों.” त्या वेळीं आम्ही सारे हांसलों. त्या अडाणी माणसानें मूर्तिशास्त्राचें पहिलें सूत्रच आमच्यापुढें मांडलें होतें, हें मला कळावयास पुढें वीस वर्षें लागलीं.

मी पुण्यास कॉलेजांत शिकत होतों. इंग्रजी वाङ्मयाच्या निमित्तानें ग्रीक व रोमन पुराणांशीं परिचय झाला, आणि त्या ओघांत जुन्या शिल्पकलेवरचीं कांहीं सचित्र पुस्तकें हातीं आलीं. त्या वयांत ज्ञान अंगीं मुरत नाहीं. तें कपाळावर टिळ्यासारखें लावून मिरविण्यांत येतें. दिवाळीच्या सुटींत घरीं आलों तो ह्याच थाटांत. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळीं आई देव घासावयास बसली होती. मीं ताम्हनांतून बाबाला उचललें, उजेडाकडे धरलें, आणि वर्गांत व्याख्यान द्यावें तसें सांगितलें कीं, हा देव नव्हेच. खालची खुंटी कसल्या तरी बैठकीच्या भोंकांत बसविण्यासाठीं आहे. मनगटांत जो खळगा दिसतो त्यांत निराळी ओतलेली पणती अडकविलेली असली पाहिजे. सारांश, हा कोणा श्रीमंताच्या समईवरचा दिवा धरणारा नोकर आहे, आणि आपण चार पिढ्या त्याला नैवेद्य दाखवीत आलों आहोंत.

आई कांहीं बोलली नाहीं. चिंचेचा कोळ लावलेला तिचा हात मात्र क्षणभर थांबला. मग तिनें विचारलें, “नक्की ना रे?” मीं म्हटलें, “नक्की.”

दुसऱ्या दिवशीं पाडव्याच्या पूजेंत बाबा नव्हता. तांदुळांची वाटीहि नव्हती. मी कांहीं विचारलें नाहीं, आणि तिनेंहि कांहीं सांगितलें नाहीं. खरें सांगावयाचें तर मला थोडा अभिमानच वाटला. आपल्या शब्दानें एक चुकीची समजूत घरांतून गेली, असें मला वाटलें.

पुढें सांगलीस प्राध्यापकाची नोकरी लागली व बिऱ्हाड कृष्णेच्या काठीं आलें. एका वर्षीं विद्यार्थ्यांना घेऊन कोल्हापुरास गेलों असतां टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालय पाहण्याचा योग आला. तेथें एका लहानशा कांस्यमूर्तीपुढें माझे पाय थबकले. उंची सुमारें तेरा सेंटिमीटर. दाढीधारी, विवस्त्र, भरदार अंगाचा एक पुरुष सहज डौलानें उभा. चिठ्ठीवर त्याचें नांव होतें: पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव.

समुद्रापासून सह्याद्रीच्या भिंतीनें तोडलेल्या करवीर नगरींत हा समुद्राचा स्वामी कोठून आला, ही कथा मोठी मनोरंजक आहे. पंचगंगेच्या काठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. तेथें १९४४-४५ च्या सुमारास कांस्याच्या वस्तूंचा एक मोठा सांठा उजेडांत आला. राजाराम कॉलेजांतील प्राध्यापक कुंदणगार यांचें नांव त्या शोधाशीं कायमचें निगडित झालें आहे. पाठोपाठ १९४५-४६ मध्यें डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. हसमुख सांकलिया व डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनीं त्या टेकडीचें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें आणि त्याचा वृत्तान्त १९५२ त प्रसिद्ध झाला. सातवाहनांच्या काळांतील एक भरभराटीची वसाहत तेथें नांदत होती. सांठ्यांतील शंभरावर वस्तूंपैकीं बहुतेक एतद्देशीय होत्या. पाठीवर स्वार घेतलेला कांस्याचा हत्ती त्यांतलाच, आणि तो पाहून कोणाहि मराठी माणसाला आपल्या गल्लींतला मनुष्य भेटल्याचा आनंद व्हावा. थोड्या वस्तु मात्र परदेशीं घडलेल्या निघाल्या: हा पोसायडन, कांस्याची सुरई, एक आरसा.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत मोसमी वाऱ्यांच्या आधारानें रोमन साम्राज्यांतील गलबतें आपल्या किनाऱ्यास येत. त्या काळीं ग्रीक भाषेंत लिहिलेल्या एका प्रवासवर्णनांत भडोच, सोपारा, कल्याण ह्या बंदरांचीं आणि पैठण व तेर ह्या घाटमाथ्यावरच्या पेठांचीं नांवें आलीं आहेत. मद्य, तांबें, कथील असा माल इकडे उतरे. दुसऱ्या शतकांतील टॉलेमीनें ‘बालिओकुरस’ नांवाच्या एका राजाच्या राजधानीचा उल्लेख केला आहे. कोल्हापूरकडे सांपडलेल्या नाण्यांवर ‘विळिवायकुर’ हें नांव वाचलें म्हणजे त्या ग्रीक उच्चारामागचा आपला माणूस ओळखूं येतो. आमच्या सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाडहि त्या काळीं गाजतें गांव होतें. दूर मध्य हिंदुस्थानांतील भरहुतच्या स्तूपावर ‘करहकट’ येथील लोकांच्या दानाचा लेख कोरलेला आहे. तेव्हां घाट चढून एखादी विलायती मूर्ति पंचगंगेकांठीं यावी, यांत अशक्य असें कांहींच नाहीं.

माझ्या मनांत घोळणारा प्रश्न निराळाच होता. ह्या मूर्तीला पोसायडन म्हणून ओळखलें कसें? हातांतील त्रिशूळ तर आतां उरलेला नाहीं. पण दाढी, केसांची ठेवण, अंगाचा बांधा आणि उभें राहण्याची विशिष्ट ढब यांवरून, इतरत्र मिळालेल्या मूर्तींशीं ताडून पाहून, पंडितांनीं तें नांव ठरविलें; ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतील लिसिपस ह्या ग्रीक शिल्पकाराच्या परंपरेशींहि तिचें नातें जोडलें. मॉर्टिमर व्हीलर यांनीं १९५४ च्या ग्रंथांत तिची दखल घेतली, कार्ल खंडालावाला यांनीं १९६० त सांठ्याची फेरतपासणी केली, आणि रिचर्ड डी पूमा ह्या अमेरिकन पंडितानें १९९१ त परदेशीं वस्तु कोणत्या व देशी कोणत्या यांची बारकाईनें छाननी केली. एवढी विद्वत्ता खर्चून एका प्रश्नाचें उत्तर मिळालें. दुसरा प्रश्न तसाच राहिला: ब्रह्मपुरींतील त्या घरमालकाला हा कोण वाटत होता? समजा, त्याच्या हातीं मूर्ति आली तेव्हां त्रिशूळ शाबूत होता; मग त्यानें त्याला आपला शंकर मानून बेलपान वाहिलें नसेल कशावरून? कीं ती त्याच्या लेखीं नुसती परदेशीं शोभेची वस्तु होती? कीं वितळवून भांडीं करण्यासाठीं राखलेली मोड? घडविणाऱ्यानें दिलेलें नांव आपल्याला कळलें. बाळगणाऱ्यानें दिलेलें नांव कळलें नाहीं.

हा प्रश्न कोल्हापूरपुरता नाहीं, हें पुढें वाचनांत आलें. ब्रिटन हें सुमारें साडेतीन शतकें रोमन साम्राज्याचा प्रांत होतें. तेथील शेतांतून, नदीच्या पात्रांतून आणि जुन्या देवळांच्या जागीं अशा बोट-दोन बोटांपासून वीतभर उंचीच्या कितीतरी कांस्यमूर्ति निघाल्या आहेत व अजून निघत आहेत. रोमन कुटुंबांतहि आपल्यासारखेंच देवघर असे. त्यांत घराचे राखणदार देव असत, आणि त्यांच्याबरोबर मर्क्युरी, मार्स, मिनर्व्हा, व्हीनस, हर्क्युलीस अशी आवडती मंडळी. व्यापाराचा व वाटसरूंचा देव मर्क्युरी त्यांत सर्वांत लाडका. पंख असलेली टोपी, पैशांची थैली, सापांचा विळखा असलेला दंड, आणि पायांशीं कोंबडा, मेंढा किंवा कांसव, ही त्याची ओळख. परंतु हा दंड, हीं जनावरें पुष्कळदां निराळीं ओतून जोडलेलीं असत, आणि दोन हजार वर्षांत तीं सर्वांआधीं गळून पडलीं. थैली गेली, टोपीचे पंख झिजले, म्हणजे एक विवस्त्र तरुण तेवढा उरतो. त्याला मर्क्युरी म्हणा, अपोलो म्हणा, नाहीं तर नुसता तरुण म्हणा. आमच्या कल्हईवाल्याचें सूत्र त्या दूरच्या बेटांतहि खरें ठरतें.

अडचण येथेंच संपत नाहीं. दिसायला मूर्ति असलेली प्रत्येक वस्तु मूर्तिच असेल असें नाहीं. रोमन लोक आपल्या लांकूडसामानावर, भांड्यांच्या मुठींवर, सुऱ्यांच्या दांड्यांवर देवादिकांचे पुतळे बसवीत. तराजूच्या वजनालाहि एखाद्या देवतेच्या मुखवट्याचा आकार देत. सामान कुजून गेलें, सुटा पुतळा राहिला, म्हणजे त्याला देव म्हणावें कीं पलंगाचा खूर म्हणावें? त्यांत मागल्या तीन-चार शतकांत जुन्या मूर्तींच्या हुबेहूब नकला करून विकणारेहि होऊन गेले. आणि मातींतून सुटी निघालेली वस्तु कोणत्या थरांतील, कोणाच्या शेजारीं होती, हें माहीत नसलें तर अर्धी साक्ष तेथेंच बुडते.

सर्वांत नाजूक प्रश्न स्थानिक देवांचा. विल्टशरमध्यें सदर्न्‌ब्रूम नव्हे, साउथब्रूम ह्या जागीं (नांव वाचतांना मीहि प्रथम चुकलों होतों) १७१४ सालीं मूर्तींचा एक समूह सांपडला. त्यांतील कांहींचीं शरीरें रोमन वळणाचीं नाहींतच. गांवच्या कारागिरानें आपल्या समजुतीप्रमाणें ओतलेलीं तीं सरळसोट ध्यानें आहेत. तीं रोमन देवांची ओबडधोबड चित्रें म्हणावीं, कीं रोमन पोशाख चढविलेले ग्रामदेव? बाथ येथील उन्हाळ्यांची देवी सूलिस ही रोमनांनीं आपल्या मिनर्व्हेशीं एकरूप केली. १७२७ त तेथें सांपडलेलें सोन्याचा मुलामा दिलेलें मस्तक दोघींच्या जोडनांवानें ओळखलें जातें. जर्मन टोळ्यांच्या जुळ्या देवांना रोमन अर्थानें कॅस्टर व पोलक्स म्हणतात, असें टॅसिटस लिहितो. हें वाचून आपण नवल करूं नये. पालीचा खंडोबा मार्तंडभैरव झाला, डोंगरावरचा जोतिबा केदारनाथ झाला, आरेवाडीच्या बिरोबाला धनगर भक्त शंकराचें रूप मानतात. लहान देवाला मोठें नांव देणें ही मनुष्यजातीची जुनी रीत आहे. तींत लहान देव नाहींसा होत नाहीं. तो मोठ्या नांवाखालीं निवांत राहतो.

हें सारें वाचीत असतांना मला साताऱ्याची ती संध्याकाळ वारंवार आठवे. खुंटीचा आणि मनगटांतील खळग्याचा मीं काढलेला अर्थ कदाचित् बरोबरहि असेल. दिव्याच्या झाडावरून सुटलेली ती बाहुली असेल. पण ‘नक्की’ हा शब्द मीं कोणत्या आधारावर उच्चारला होता? आणि समजा, तो दिवा धरणाराच. तरी चार पिढ्यांच्या हातून झालेली पूजा ही त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग नव्हे काय? आईला एकदां हें सांगावें असें प्रत्येक सुटींत मनांत येई. सांगितलें नाहीं. आपण चुकलों हें आईला सांगण्यास जो धीर लागतो, तो प्राध्यापकाच्या पेशांत फारसा वाढीस लागत नाहीं.

तिच्या अखेरच्या दुखण्यांत मी महिनाभर साताऱ्यास होतों. एका दुपारीं तिनें अचानक विचारलें, “तो बाबा दिवा धरणाराच होता ना रे?” बोलावयाची हीच वेळ होती. परंतु तिला आतां कशाला घोंटाळ्यांत घाला, अशी स्वतःची समजूत घालून मीं म्हटलें, “हो.” तिनें मान हालविली व कूस बदलली.

ती गेल्यानंतर वर्षभरानें वाडा विकावयाचें ठरलें. भावंडांनीं भांडीं वांटून घेतलीं, देव वांटून घेतले. आईची पत्र्याची पेटी उघडण्याचें काम माझ्याकडे आलें. तळाशीं, तिच्या लग्नांतल्या शालूच्या घडींत, एक पितळी डबा होता. त्यांत बाबा होता. त्याच्या कपाळावर कुंकवाचा जाड थर बसला होता. कित्येक वर्षांत त्याला चिंच लागली नव्हती. खालीं तांदूळ होते, पिंवळे पडलेले. आणि अंगाभोंवतीं कापसाचीं गेजवस्त्रें, एकावर एक. सर्वांत वरचें पांढरें, त्याखालचीं मळकट, आणि अगदीं आंतलें हात लावतांच भुगा होणारें. उत्खननांत थर उलगडावे तशीं तीं मीं एकेक काढून ठेवलीं आणि मोजलीं. एकोणीस भरलीं. मीं ‘नक्की’ म्हटलें त्या दिवाळीपासून तिच्या शेवटल्या दिवाळीपर्यंत एकोणीसच पाडवे झाले होते.

मुलाच्या विद्येचा मान राखण्यासाठीं तिनें देव देवघरांतून उठविला, आणि देवाचा मान राखण्यासाठीं तो पेटींत मांडला. दोघांपैकीं कोणालाहि तिनें दुसऱ्याविषयीं कांहीं सांगितलें नाहीं. त्या दुपारीं तिनें मला विचारलें तें उत्तरासाठीं नव्हे. मला एक संधि देण्यासाठीं विचारलें, असें आतां वाटतें.

बाबा तेव्हांपासून सांगलीस आहे. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी आयर्विन पुलापाशीं सत्तावन्न फुटांच्या वर चढलें आणि आम्हांला घर सोडून नावेंत बसावें लागलें. तेव्हां पत्नीनें कागदपत्रांची पिशवी घेतली, आणि मीं डबा घेतला. पुस्तकें पाण्यांत गेलीं. त्यांत त्या कॉलेजच्या दिवसांतील सचित्र पुस्तकेंहि होतीं.

पूर ओसरल्यावर घर धुऊन निघालें, देवघर पुन्हां मांडलें, तेव्हां संग्रहालयाच्या रीतीप्रमाणें मीं एक चिठ्ठी लिहिली आणि डब्याच्या झांकणांत ठेवली. आमच्यामागें कोणाला घोंटाळा पडूं नये म्हणून. धातु, उंची, मोडलेला हात, पायांखालची खुंटी, मनगटांतला खळगा, मिळाल्याचें ठिकाण सातारा, सारें नीट नोंदलें. उपयोग ह्या शब्दापुढें ‘पूजा’ असें लिहिलें, आणि कंसांत एकोणीस गेजवस्त्रांचा उल्लेख केला. नांव ह्या शब्दापुढची जागा कोरी ठेवली आहे.